जानरावानं भाकर सोडली

अमरावती, मार्गशीर्ष वद्य सप्तमी, शके १७८६

ताईच्या पायांवर डोकं ठेवून जानराव लिहितो की, इकडे सगळे सुखरूप आहेत. एवढं लिहून थांबावं असं वाटत होतं, कारण पुढचं लिहायला लाज वाटते. पण तुझ्याशिवाय सांगू कुणाला? भावजींनी जाण्याआधी तुला अक्षरं शिकवली, हे त्यांचे माझ्यावर उपकार. दुसऱ्या कुणाकडून तुला वाचून घ्यावं लागलं असतं, तर हे पत्र मी लिहिलंच नसतं.

साता समुद्रापलीकडं कुणाची तरी लढाई जुंपली आणि आपल्या कापसाला सोन्याचे दिवस आले, हे तू पाहतेसच. आमच्याकडं पोळी पूर्वी सणाला व्हायची, आता रोज होते. भात होतो. तुझी भावजय लीला शिऱ्याशिवाय सकाळ होऊ देत नाही, आणि मीही कधी नको म्हटलं नाही. पोट सुटलं तेव्हा लोक म्हणाले, जानरावाला पैसा मानवला. मलाही तसंच वाटायचं. मग तहान लागायला लागली. घागर रिती केली तरी घसा कोरडा. अंग गळून जायचं. आणि बहिणीला हे लिहू नये, पण मी मोरीवर जाऊन आलो की तिथं मुंग्यांची रांग लागते.

शेवटी गयासुद्दीन हकिमांकडं गेलो. त्यांनी नाडी पाहिली, मुंग्यांचं विचारलं आणि म्हणाले, "जानराव, तुमच्या अंगात अन्नाचा गूळ होऊन राह्यला. जात्यातून जे निघते, ते सारं बंद करा." म्हणजे ज्वारी बंद, गहू बंद, बाजरी बंद. वर भात, गूळ, साखर यांचं नावही काढायचं नाही. राहिलं काय, तर मटण, अंडी, ताक, कारलं, मेथी आणि पाला. किती दिवस, असं मी विचारलं. ते म्हणाले, जगायचं असेल तितके दिवस.

ताई, आपल्या घरात भाकरीला पाय लागला तर तिच्या पाया पडायचे. अन् यंदाचं वर्ष कसलं आहे ते बघ. सगळ्या वऱ्हाडानं ज्वारी मोडून कापूस लावला. मीच पारावर बसून लोकांना सांगत होतो. माझ्या लेकीच्या, मनकर्णेच्या सासऱ्याला, उत्तमरावांनाही मीच भरीस घातलं, की ज्वारी काय, बाजारात मिळते. आता बाजारात ज्वारीला हात लावता येत नाही. कापूस वेचायला येणाऱ्या बाया मजुरीऐवजी दाणे मागतात. अशा वर्षी मी कोणत्या तोंडानं सांगू, की मला खाऊन खाऊन रोग झाला, भाकरी नको? लीलेलाही सांगितलेलं नाही. तुला माझ्या गळ्याची शपथ आहे, हे कुणाजवळ बोलू नकोस. मनकर्णेजवळ तर नाहीच नाही. ती बाळाला घेऊन सासरी नीट पोचली का, ते कळव.

जानराव

अकोला, पौष शुद्ध दशमी

चिरंजीव जानरावास ताईचा आशीर्वाद, आणि एक धपाटाही.

रोग झाला तर औषध करावं, त्यात चोरासारखं तोंड लपवायला काय झालं? लहानपणी तू चुलीजवळ बसून भाकरी खायचास आणि आई थापून दमली तरी उठायचा नाहीस, ते आठवून मला हसू आलं. मग पत्र पुन्हा वाचलं आणि डोळ्यांत पाणी आलं. तुझा जीव वाचत असेल तर जाऊ दे ती भाकरी. पण बायकोपासून अन्न लपवून कसं राहील? रांधणारीला ताटाकडं पाहून सगळं कळतं. तिला आजच्या आज सांग.

मनकर्णा पोचली. बाळ गुटगुटीत आहे. ती स्वतः उतरली आहे, पण अंगावर पाजणारी पोर, व्हायचंच. मी तिला म्हटलं, नीट खात जा. ती म्हणाली, आत्याबाई, आमच्याकडं कशाची कमी आहे? खरंच आहे. उत्तमरावांच्या घरात कापूस आढ्यापर्यंत भरला आहे, त्यांना निजायला जागा नाही.

आता नातू झाला, तेव्हा लेकीच्या घरचं पाणीही न पिण्याचा तुझा नेम सुटला. उत्तमराव तुला वैशाखात पहिल्या जेवणाला बोलावणार आहेत. चार गावची भावकी बोलावून, पुरणाचा बेत करून. तेव्हा काय करायचं, याचा विचार आत्तापासून कर.

तुझी शपथ मी पाळते आहे, पण ती मला टोचते.

गोदाबाई

अमरावती, फाल्गुन वद्य तृतीया

ताईस साष्टांग नमस्कार.

तू म्हणालीस ते खरं निघालं. लपत नाही. पहिल्यांदा मी म्हटलं, पोट बरं नाही. लीलेनं ओवा दिला. मग म्हटलं, आज वाराचा उपास. तर तिनं साबुदाणा केला. सोमवार झाला, गुरुवार झाला, शनिवार झाला, शेवटी तिनं विचारलं की एवढे देव तुम्हाला एकदम कसे आठवले. मग मी पानावर बसायला लागलो. भाजी खायची, मटण खायचं, ताक प्यायचं आणि भाकरी मांडीवरच्या उपरण्याच्या घडीत सरकवायची. हात इतका बसला आहे की आता कळतही नाही. जेवून उठलो की गोठ्यात जातो आणि ढवळ्या बैलाला चारतो. बैल दिसामाशी वाढतो आहे आणि मी उतरतो आहे. लोक म्हणतात, जानरावाला बैलाचा फार लळा.

हसू नकोस. परवा एका वेचणाऱ्या बाईनं मला चारताना पाहिलं. ती बैलाच्या तोंडाकडं बघत उभी राहिली आणि मग निघून गेली. त्या दिवशी मला भाजीही गेली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा तेच केलं.

होळीला पुरण झालं. मुलं, गडी, सगळे खात होते आणि लीला माझ्या पानात तूप ओतत होती. मी पोळी घडीत सरकवली तर उपरण्याला तुपाचा डाग पडला. तो तिनं धुताना पाहिला. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. तिला वाटतं, मी बाहेर कुणाच्या तरी हातचं खाऊन येतो, म्हणून घरचं नको झालं. तिची समजूत काढणं सोपं आहे, एक वाक्य बोलायचं. ते माझ्याच्यानं होत नाही.

औषधाचा गुण मात्र आहे. तहान गेली. मोरीवर मुंगी नाही. हकीम म्हणतात, एक पोळी खाल्लीत तर मागचं सगळं पाण्यात.

उत्तमरावांना सांग, मी येतो. आणि त्यांचा कापूस अजून घरात असेल तर राहू द्या, भाव आणखी चढेल असं माझं मत आहे.

जानराव

अकोला, चैत्र वद्य द्वितीया

चिरंजीव जानरावास आशीर्वाद.

तुझं मत मी उत्तमरावांना कळवलं, आणि मागोमाग बातमी पोचली. ती लढाई मिटायला आली म्हणतात. कापसाला गिऱ्हाईक नाही. उत्तमराव ओट्यावर बसून असतात. मी काही विचारायला जात नाही, आपण मुलीकडचे.

जेवणाचा दिवस मात्र त्यांनी हलवला नाही. तेव्हा माझं ऐक. यायच्या आधी उत्तमरावांना निरोप पाठव, की प्रकृतीमुळे हकिमानं अमुक वर्ज्य केलं आहे. जाणता माणूस आहे, समजून घेईल. ते होत नसेल तर मुकाट्यानं एक पोळी खा आणि महिनाभर कारली चघळ. पण पानावर बसून लपवाछपवी करू नकोस. लेकीचं घर आहे ते.

गोदाबाई

अकोला, ज्येष्ठ शुद्ध पंचमी

जानराव,

तू पोचल्याचं कळवलं नाहीस. मी वाट पाहिली आणि मग समजले की तू लिहिणार नाहीस. म्हणून मीच लिहिते.

उठताना तुझं उपरणं सुटलं आणि अख्खी पुरणपोळी सगळ्या पंगतीसमोर जमिनीवर पडली. हे तुला सांगायला नको. व्याही उत्तमरावांनी विचारलं, "इवाई, आमच्या अन्नात काय दिसलं तुमाले?" आणि तू उत्तर न देता हात धुवून गाडीत बसलास, हेही तुला ठाऊक आहे. तुझ्यामागं काय झालं ते तुला ठाऊक नाही.

कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. भावकी खाली मान घालून उठून गेली. मनकर्णेची सासू तानुबाई तिथंच भिंतीला टेकून बसली. उत्तमराव मळ्यात गेले ते दुसऱ्या दिवशी आले. मनकर्णा कुणाकडं बघत नव्हती, पोळी पडली होती तिथली जागा पुन्हा पुन्हा सारवत होती. मी तिला जवळ घेतलं तर म्हणाली, "आत्याबाई, बाबानं असं काहून केलं?" आणि मला खरं ठाऊक असून माझं तोंड तुझ्या शपथेनं शिवलेलं.

तेव्हापासून त्या घरात तिच्याशी कुणी सरळ बोलत नाही. मला वाटतं, तू करणी-बिरणीचा संशय घेतलास, असं त्यांनी मनात धरलं आहे. दुसरं काय वाटेल? तिला माहेरी पोचवायची बोलणी चालू आहेत असं शेजारीण सांगत होती. बाळासकट की बाळाशिवाय, ते मला विचारवलं नाही.

लहानपणी खेळात आपण म्हणायचो तसं लिहून पाठव, शपथ सुटली. नाहीतर मी ती मोडीन आणि तुझ्या गळ्याचं जे व्हायचं ते होईल.

ताई

अमरावती, ज्येष्ठ वद्य प्रतिपदा

ताईस,

शपथ सुटली. सगळ्यांना सांग. उत्तमरावांना सांग, भावकीला सांग, बाजारात दवंडी दिली तरी चालेल. मुंग्यांचंही सांग.

मी ठरवून आलो होतो की एक पोळी खायची. तूप पडलं, पहिला घास मोडायला गेलो, आणि माझ्या हातानं आपलं रोजचं काम करून टाकलं. पोळी घडीत गेली ते मलाच उठेपर्यंत आठवलं नाही. उत्तमरावांनी विचारलं तेव्हा खरं बोलायला दोन शब्द पुरले असते. पण माझ्या दोन्ही अंगांना त्यांचे पाहुणे तिसरी, चौथी पोळी मागून खात होते. ताटात कण ठेवत नव्हते. मी मनात त्यांना हसलोही होतो, की अकोल्याची माणसं खादाड. त्यांच्यासमोर कसं म्हणू, की मला पोळीनं रोग होतो? माझी लाज मला माझ्या लेकीहून मोठी वाटली. हे लिहिलं, आता वाचून विसरू नकोस, मला त्याबद्दल बोल लाव.

घरी येऊन लीलेला सगळं सांगितलं. ती रडली आणि मग रागावली, की एवढ्यासाठी मी चार महिने झुरले. काल तिनं माझ्यासाठी कारल्याची भाजी केली आणि माझ्या पानात भाकरी न वाढता पुढं गेली. मुलांनी विचारलं, तर तिनं सरळ सांगितलं की बाबांना चालत नाही. मुलं हो म्हणाली आणि जेवायला लागली. एवढंच होतं ते.

मनकर्णेला पाठवू देऊ नकोस. मी पाया पडायला येतो म्हणून सांग.

जानराव

अकोला, आषाढ शुद्ध नवमी

चिरंजीव जानरावास,

तुझं पत्र आलं तशी मी उत्तमरावांकडं गेले. ते आणि तानुबाई समोर बसले, मनकर्णा दाराआड उभी होती. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, हकीम, बैल, उपरणं, सगळं. मला वाटलं होतं, ते चिडतील किंवा हसतील. उत्तमरावांनी डोक्याचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

मग म्हणाले, "आमी वायलंच समजलो, बाई. आमाले वाटलं, इवायानं आमचं पेव रिकामं पाह्यलं, अन् कीव करून पोई मांगं ठेवली."

जानराव, आता नीट बसून वाच. त्यांच्या धान्याच्या पेवात संक्रांतीपासून दाणा नाही. वावरात ज्वारी नव्हतीच, तू सांगितलंस तसा सगळा कापूस. तो तू सांगितलंस तसा ठेवला, आणि आता तो कुणी घेत नाही. तुझ्या पंगतीचे गहू, डाळ, गूळ तानुबाईनं आपल्या माहेराहून मागून आणले होते. तू ज्यांना खादाड म्हणालास त्या भावकीनं कित्येक दिवसांत पोळी पाहिली नव्हती. अर्ध्या अकोल्याची तीच गत आहे. मी एकटी, माझ्या पोटापुरतं माझ्याकडं आहे, म्हणून मला उमगलं नाही. मनकर्णेला मी नीट खात जा म्हणून सांगत होते!

त्या घरात उसन्या दाण्यांची जी काही भाकरी होते ती आधी वावरात राबणाऱ्यांना, मग म्हाताऱ्यांना. सुनेची पाळी शेवटी. तुझी लेक संक्रांतीपासून पाला उकडून खाते आहे आणि त्यावर बाळाला पाजते आहे. तिनं मला सांगितलं नाही, कारण मी तुला कळवलं असतं, आणि मग बापानं मांडून दिलेल्या शेतीनं सासर बसलं, हे बापाला कळलं असतं. तिला तुझी लाज राखायची होती.

आणि ती पडलेली पोळी. तानुबाईनं सांगितलं, मी विचारलं नव्हतं. त्या दिवशीही मनकर्णा सगळ्यांच्या मागून जेवायला बसली. तोवर पुरण संपलं होतं. तिनं ती पोळी झटकली आणि खाल्ली.

तिला माहेरी पाठवायचं बोलत होते ते खरं, पण रागानं नव्हे. तिथं तिला खायला मिळेल म्हणून.

ताई

अमरावती, श्रावण शुद्ध द्वादशी

ताईच्या पायांशी जानराव.

त्या दिवशी उत्तमरावांच्या घरून तुझ्याकडं परतलो तेव्हा तू विचारलंस, जेवलास का? मी मान हलवली आणि तोंड धुवायला गेलो. तुला वाटलं असेल, हा पुन्हा लपवायला लागला. तसं नव्हतं, तेव्हा बोलवत नव्हतं. आता लिहितो.

ज्वारीच्या गाड्या तुझ्या अंगणात सोडून मी एकटाच गेलो. न बोलावता, रोजच्या जेवणाच्या वेळी. उत्तमरावांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी उठवलं. मी म्हटलं, ज्वारी आणली आहे, नातवाच्या नावानं घ्या, आणि माझं ऐकून शेती केलीत त्याबद्दल मला चारचौघांत शिव्या घाला. ते म्हणाले की शिव्या द्यायला माझ्या अंगात जोर कुठं आहे, आधी ज्वारी येऊ दे. मग आम्ही दोघंही हसलो. मला वाटलं, झालं, सुटलो. यंदा निम्म्या वावरात ज्वारी पेरली आहे तेही सांगितलं. त्यांनी विचारलं, निम्म्याच?

मी म्हटलं, आज इथंच जेवतो, घरात असेल ते वाढा. तानुबाई आतबाहेर करायला लागली. मनकर्णेनं ताट आणून ठेवलं. तरोट्याच्या रानपाल्याची उकडलेली भाजी आणि कडेला मीठ. तिचा हात मी कितीतरी दिवसांनी जवळून पाहिला. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या.

ती म्हणाली, "बाबा, घरात भाकर नाही."

ताई, मला चालत नाही, एवढंच म्हणायचं होतं. हे वाक्य कितीतरी महिने मला कुणासमोर म्हणता आलं नव्हतं. आता सगळ्यांना ठाऊक होतं, हकिमाचा हुकूम होता, त्यात खोटं काही नव्हतं. पण तिच्यासमोर ते माझ्या तोंडातून निघेना.

मग तिलाच आठवलं. तिचा चेहरा एकदम उजळला. टोमणा नव्हता, ताई, मी तिला ओळखतो. आपल्या घरात बापाला वाढण्याजोगं काहीतरी आहे, याचा तिला खरोखर आनंद झाला होता. तिनं ताट माझ्याकडं सरकवलं आणि म्हणाली, "तुमाले तं हेच लागते नं, बाबा. पोटभर खा, आमच्याकडं लय हाये."

मी खाल्लं. तिनं दोनदा वाढलं आणि मी दोन्ही वेळा नको म्हटलं नाही.

जानराव